नऊ आटे

उन्नतीला चाकं बाहेर हवीत.
गाडी सेकंडहँड, चाकं बहुतेक थर्डहँड,
मडगावच्या कुणा लग्न ठरलेल्या पोराने विकून टाकलेली,
काळी, पाच काड्यांची,
एका काडीवर फुटपाथचा ओरखडा.
‘आत बुडाल्यासारखी दिसतात, बाबा,
दाढा काढलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारखी.’
मी जिभेने माझी रिकामी जागा चाचपली
आणि काही बोललो नाही.

मांगोरच्या चढावर कायतानचं गॅरेज.
त्याने हातावर स्पेसर ठेवला,
पंधरा मिलिमीटर जाड, पोयएवढा गोल,
चाक आणि गाडी यांच्यामध्ये घालायचं
नुसतं अंतर,
जोडीला बावीसशे रुपये.

जुने बोल्ट पोचेनात.
मग त्याने बिस्किटांचा डबा उपडा केला.
त्यातले पस्तीसचे वेचले, एक लावला.
‘घट्ट जाता न्हय? मागीर पुरो.’
मी म्हटलं, काढ. पुन्हा लाव. हाताने.
आणि मोजलं:
एक, दोन, तीन, चार,
चाराच्या पुढे थोडासा हुंकार, आणि थांबला.
चार आट्यांवर माझी पोर?
लोक सहज म्हणतात, याचे आटे ढिले झाले.
मी विचारतो, मुळात होते किती?

एकतीस वर्षं गोदीत
जहाजांच्या शाफ्टचे बोल्ट आवळले मी,
कपलिंगमध्ये शिरून, गुडघे छातीशी घेऊन.
व्हर्निअर अजून रुमालात असतं.
कंपनीचा बोल्ट सत्तावीस लांब, नऊ आटे धरतो.
पंधरा मध्ये घातले तर बेचाळीस हवा.
एवढंच गणित. उन्नतीने फोनवर करून पाहिलं,
तेच आलं, तेव्हा जरा खट्टू झाली.

‘मग पंचेचाळीस घेऊया, जास्त तेवढं चांगलं.’
नाही गं.
मागच्या चाकाला तोही लावून दाखवला.
चाक फिरवताच आतून
खर्र.
ड्रमच्या पोटात टोक कुठेतरी घासत होतं.
कमी पडलेलं निदान लवकर कळतं,
जास्तीचं आत राहून कुरतडतं.
(हे मी बोल्टबद्दलच बोलत होतो.)

एक राहिलंच. माथ्याखालचा आकार.
पिशवीतून निळीची ट्यूब काढली,
कायतान हसला, ‘कितें, आतां रंगय?’
बोल्टच्या खांद्याला बोटाने निळी फासली,
आवळून सोडवला,
चाकाच्या खड्ड्यात उमटली
केसाएवढी एकच रेघ.
गोल खांदा, शंकूचा खड्डा.
हे बसणं नव्हे, टेकणं.
पाहुणा दारात टेकतो तसं,
चपला न काढता.
कायतानचं हसू थांबलं.
तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला,
मग डबा उचलून फळीवर मागे सारला.

बेळगावच्या बसमधून वीस आले,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तेलकट,
बेचाळीस लांब, चौदाचा, दीडचा आटा, शंकू खांदा.
तोवर कायतानने हब घासून ठेवले होते.
इथली हवा लोखंडावर रोज थोडं मीठ शिंपडते,
त्याचा तांबडा पापुद्रा जाईपर्यंत
काहीच काहीवर सपाट बसत नाही.
शेजारचा बोल्ट सोडून समोरचा, मग त्याच्या समोरचा,
उन्नतीने स्वतः आवळले.
मी फक्त मोजत होतो,
नवव्यानंतर तिचा चेहरा.

चाकं दिसतात झकास. मान्य.

सोमवारी ती काणकोणला गेली, नव्या नोकरीवर.
आठवडाभर खोली तिथेच.
निघताना मी म्हटलं, शंभर किलोमीटरनंतर
एकदा पुन्हा तपासायचे असतात.
‘बाबा, तुम्ही ना!’

शनिवारी रात्री साडेनऊला गेट वाजलं.
ती बॅग न उतरवता डिकीकडे गेली,
पाना घेऊन चाकाशी उकिडवी बसली.
मी टॉर्च धरला.
कट्. कट्. कट्.
चौथ्याला आवाज झाला नाही,
पाना थोडासा, पाव बोट,
पुढे सरकला.
तिने वर माझ्याकडे पाहिलं.
मी टॉर्च हलू दिला नाही.
कट्.